लाइट लागते ना, मंग!

आमच्या वऱ्हाडात घराच्या वायरिंगची परीक्षा एकाच प्रश्नात आटोपते, आणि उत्तरही त्या प्रश्नातच असतं. ‘लाइट लागते ना? मंग!’ या ‘मंग’च्या पुढे बोलणं खुंटतं. दिवा लागतो, म्हणजे वायरिंग चांगलं. पंखा फिरतो, म्हणजे उत्तम. फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ते ‘थोडंसं अर्थिंगचं’ म्हणजे म्हाताऱ्या माणसाला असतो तसा थोडासा वात. हा निकष ज्याने कुणी पहिल्यांदा काढला त्याच्याशी माझं भांडण आहे. तो अमरावतीचा असो की अकोल्याचा, हयात असो की त्याच निकषापायी निवर्तलेला असो, आज मी त्याला सोडणार नाही.

तुम्ही विचाराल, तुमचा अधिकार काय? मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. विजेशी माझा शास्त्रीय संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला. पण नेमका म्हणूनच मी बोलायला लायक आहे, कारण वायरिंग ही माझ्या मते मुळात हिशेबाची बाब आहे. फेजच्या तारेतून जेवढं गेलं, तेवढंच न्यूट्रलच्या तारेतून परत आलं पाहिजे. जेवढं नावे, तेवढं जमा. आमच्याकडे संध्याकाळी पंधरा रुपयांचा फरक निघाला तर पाच माणसं आठ वाजेपर्यंत बसतात, आणि चहाचे पंचाहत्तर होतात ते वेगळेच. घराच्या भिंतीत मात्र चाळीस-पन्नास वर्षांची रोजकीर्द बिनतपशिलाची पुरलेली असते, आणि आपण विचारतो ते एवढंच, की लाइट लागते ना? अहो, खोट्या सहीवरही कधीकधी पैसे मिळतात. पैसे मिळाले म्हणून सही खरी होते काय?

दिवा लागला यावरून एकच गोष्ट सिद्ध होते : करंट कुठून तरी आला आणि कुठून तरी गेला. कुठल्या तारेने आला, कुणाच्या खात्यातून गेला, आणि दिवा बंद केल्यावर तो कुठे जाऊन बसला, याबद्दल दिवा एक शब्दही बोलत नाही.

घरातले सगळे दिवे सोडून मी न्हाणीतल्या दिव्यावर का घसरलो, तेही सांगतो. माणूस दिवाणखान्यात चपला घालून, कोरड्या हाताने, चार माणसांत बसतो. न्हाणीत तो अनवाणी, ओला, एकटा आणि आतून कडी लावून उभा असतो. विजेने एखाद्याला गाठायचं ठरवलं तर याहून सोयीची जागा तिला सापडायची नाही. आणि नेमका याच खोलीत घरातला सगळ्यात टाकाऊ दिवा लावायची आपली परंपरा! दिवाणखान्यात झुंबर येतं तेव्हा तिथला जुना दिवा झोपायच्या खोलीत जातो, तिथला स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघरातला तुपकट, तडा गेलेला होल्डर ‘फेकायचा कशाला’ म्हणून न्हाणीत जातो. तो काढून नवा लावायची वेळ एखाद्याच पिढीवर येते. ती आली, की भिंतीतला इतिहास बाहेर निघतो.

आणि वऱ्हाडच्या भिंतीत इतिहास काय थोडा आहे? हा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. प्रत्येक राजवटीने आधीच्या दप्तराला हात न लावता वर आपला नवा कागद चिकटवला. घरातल्या तारांचं तेच झालं. सगळ्यात खाली लाकडी खोबणीतून नेलेली, वर सुती वेष्टण असलेली रबराची तार. त्यानंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेली तार. त्यावर कुणा मुलाच्या लग्नात मांडवासाठी घेतलेली आणि लग्न उरकल्यावरही तशीच राहिलेली जोड. आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पाइपातली आजची. सुरुवातीला या गावांत वीज देणाऱ्या खाजगी कंपन्या होत्या. २० जून १९६० ला वीज मंडळ आलं. ६ जून २००५ ला मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि बिलावर ‘महावितरण’ आलं. बिलावरची नावं बदलली, भिंतीतली रबराची तार मात्र तीच राहिली. अकोल्याच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत माणसाची कातडी वाळते, तिथे रबराची काय कथा! नुसतं बोट लावलं की त्याचा भुगा होतो, आणि आत तांबं उघडं, चकचकीत, आपली वाट पाहत असतं.

आता प्रत्यक्ष पुरावा देतो, कारण पुराव्याशिवाय आमच्याकडे पाचशेचा चेकही पास होत नाही. अकोल्याला जुन्या शहरात आमच्या काकाजींचा वाडा आहे. न्हाणीतला साठचा जुना बल्ब उडाला म्हणून त्यांच्या नातवाने त्या जागी एलईडी लावला. दिवसा सगळं ठीक. रात्री बटन बंद केलं, तरी दिवा आपला बारीक, काजव्यासारखा मिणमिणतोच आहे! काकूंना तो शुभशकुन वाटला, नातवाला भूत वाटलं, आणि काकाजींना दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असं वाटलं. बल्ब बदलून आणला. तोही मिणमिणला. तेव्हा अख्खा होल्डरच काढून बंद काचेचा नवा दिवा लावायचं ठरलं, आणि वीज मंडळातून निवृत्त झालेले एक म्हातारे वायरमन आले. मी नेमका तिथे गेलेला असल्यामुळे टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. पदवीधरांना आपल्या देशात बहुधा तेच मिळतं.

“काकाजी, बटन बंद हाये ना?”

“हाव. आन् मी तं फ्यूजबी काढून ठेवला,” काकाजींनी खिशातून चिनी मातीचा किटकॅट काढून दाखवला.

वायरमननी होल्डर उतरवला, मागचा गोल लाकडी ठोकळा सोडवला. आतून तीन तारा निघाल्या. तिन्ही सारख्याच काळ्या. एकेकाळी त्यातली एखादी लाल असेलही. पण न्हाणीतल्या चुलीच्या पन्नास वर्षांच्या धुराने लाल-काळा हा भेद मिटवून तिन्हींना समान नागरिकत्व दिलं होतं. दोन तारा एकमेकींना पिळून एका भोकात बसवलेल्या आणि तिसरी एकटी दुसऱ्या भोकात.

हे तीन तारांचं कोडं ज्याने दिवा बदलायला घेतला त्या प्रत्येकापुढे येतं. ‘दिव्याला दोन तारा पुरतात, मग तिसरी कशाला?’ असं म्हणून तो ती तिसरी टेप गुंडाळून ठेवून देतो आणि पलीकडचा संडासातला दिवा बंद पडतो. कारण आपल्याकडच्या जुन्या रीतीत न्यूट्रल एका दिव्यापाशी येते आणि तिथूनच पुढच्या दिव्याला जाते. म्हणून पिळलेली जोडी ही न्यूट्रलची असते, आणि एकटी असते ती बटनावरून आलेली फेज. बटन बंद केलं की फेज बोर्डापाशीच थांबते आणि दिव्यात काहीही उरत नाही. हा झाला नियम.

वायरमननी टेस्टर लावला. फ्यूज काकाजींच्या खिशात, बटन बंद, न्हाणीत अंधार, आणि पिळलेल्या जोडीवर टेस्टर लालभडक.

“काकाजी, लाइन तं इथंच बसेल हाये.”

“कशी बसंल? फ्यूज माह्या खिशात हाये ना!”

“फ्यूज तुमच्या खिशात हाये, लाइन न्हाणीत हाये. अख्खं घर उलटं हाये जी.”

मग त्यांनी मेन स्विचची गंजलेली लोखंडी दांडी दोन फटक्यांत खाली ओढली. ही दांडी दोन्ही तारा एकदम तोडते, फ्यूज एकच तोडतो. आता टेस्टर विझला. ते बोर्डावर गेले आणि उलगडा झाला. मीटरकडून येणाऱ्या दोन तारा मेनपाशी कुणीतरी केव्हातरी अदलाबदल करून बसवल्या होत्या. तेव्हापासून घरातली झाडून सगळी बटनं फेजऐवजी न्यूट्रल तोडत होती. फ्यूजही न्यूट्रलमध्ये. म्हणजे बटन बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये दोनशे तीस व्होल्ट तसेच मुक्कामाला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पैसे काढायची खिडकी सताड उघडी आणि भरायची खिडकी तेवढी बंद! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, व्यवहार थांबला. आत कुणीही ओला हात घालावा आणि रक्कम उचलावी. परतफेड त्याच्या पायातून, फरशीतून, थेट जमिनीला.

आणि ते भूत? तेही सापडलं. एलईडीला मिणमिणायला करंटाचा नुसता वास पुरतो. फेज दिव्यापर्यंत कायम हजर, आणि बटनाकडे जाणारी लांब तार भिंतीतून जाताना थोडासा करंट झिरपू देते. तेवढ्यावर दिव्याच्या पोटातलं कपॅसिटर हळूहळू भरतं आणि दिवा डोळा मिचकावतो. साठ वॉटच्या जुन्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नव्हतं, म्हणून तो इतकी वर्षं गप्प राहिला. एलईडी मिणमिणण्याची आणखीही कारणं असतात, बटनातला छोटा निऑन हे त्यातलं एक. पण बंद केलेला दिवा मिणमिणला तर बल्ब परत करायच्या आधी तारा तपासाव्यात. काकाजींच्या घरातला तो दीडशे रुपयांचा बल्ब हा त्या घराचा पहिला प्रामाणिक ऑडिटर होता, आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी त्यालाच दोष दिला.

तारा केव्हा उलटल्या? मीटर बदललं तेव्हा? वाड्याची वाटणी झाली तेव्हा? कुणी उलटल्या? कुठेही नोंद नाही. आमच्याकडे ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती उचंत खात्यात टाकतात आणि वर्षअखेरीला तिच्यापायी मॅनेजरची झोप उडते. हा वाडा उचंत खात्यावर उभा होता आणि घरात सगळे गाढ झोपत होते!

इथे एक सद्गृहस्थ हमखास उठून म्हणतात, ‘पण फ्यूज असतो ना हो?’ या फ्यूजवर आपल्या लोकांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी अंबादेवीवरही नसेल. तेव्हा थोडं गणित करू. माणसाच्या अंगातून एक मिलिअँपिअर गेला तर मुंग्या येतात. दहा-पंधरा गेले तर हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. तीसच्या पुढे गेले आणि जात राहिले, की श्वासाचं आणि काळजाचं काम बिघडायला लागतं. ओल्या माणसाचा विरोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. दोनशे तीस भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आता दिव्याच्या फ्यूजकडे बघा. पाच अँपिअर, म्हणजे ५,००० मिलिअँपिअर. तुमच्या अंगातून २३० जाताहेत आणि फ्यूज म्हणतो, ‘किरकोळ रक्कम आहे, पुढे पाठवा.’ फ्यूज तारेला वाचवायला ठेवलेला असतो, तुम्हाला नव्हे. एमसीबीही तेच करतो, फक्त जास्त रुबाबात. त्यातून आमच्या अनेक घरांत किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याचा जाड तुकडा पिळलेला असतो, ‘घडीघडी उडते म्हणून’. वॉचमन घडीघडी शिट्टी वाजवतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यातला हा प्रकार!

दुसरे सद्गृहस्थ खिशाला टेस्टर लावून हिंडतात. पेनाशेजारी टेस्टर असला की माणूस निम्मा इंजिनिअर होतो, असा आपला समज आहे. टेस्टर खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतो. न्यूट्रल कुठे तुटली असेल तर करंट दिव्यातून पलीकडे येऊन बसतो आणि टेस्टर दोन्ही तारांवर लागतो. शेजारून दुसरी तार जात असेल तर मेलेल्या तारेवरही तो मंद लुकलुकतो. आणि त्याचा निऑन जळून गेला असेल तर जिवंत तारेवरही तो समाधिस्थ राहतो. म्हणून त्या वायरमननी टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून पाहिला, मग न्हाणीतल्या तारेवर, आणि नंतर पुन्हा प्लगवर. सही आधी नमुन्याशी ताडून मग चेक पास करावा, तसं. पुढे दोन तारांचा होल्डर आणि बल्ब घेऊन त्यांनी एकेक तार तपासली आणि प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहून बांधलं. नवा दिवा लावायला दहा मिनिटं लागली. जुन्या तारा ओळखायला अडीच तास. काकाजींनी मजुरीच्या वेळी दहा मिनिटांचाच हिशेब धरला, ही गोष्ट अलाहिदा.

ही रड जुन्या वाड्यांचीच आहे असं समजून फ्लॅटवाल्यांनी हसायचं कारण नाही. अमरावतीत बडनेरा रोडच्या बाजूला आमच्या एका सहकाऱ्याचा फ्लॅट आहे. ग्रॅनाइटचा ओटा, न्हाणीत छतापर्यंत टाइल्स. त्याने न्हाणीच्या आणि गीझरच्या लाइनीवर आरसीसीबी नावाचं यंत्र बसवलं. न्हाणीतला दिवा लावला की यंत्र ठक्‌ करून पडायचं आणि गीझरही बंद. तीन दिवस घरात थंड पाण्याने आंघोळी झाल्या. चौथ्या दिवशी लाइटवाला आला, आणि ‘सायेब, हे यंत्रच खराब हाये’ म्हणून यंत्र काढून टाकलं. दिवा लागला. सगळे खूश. लाइट लागते ना, मंग!

यंत्र खराब नव्हतं. ते आमच्या हेड कॅशियरसारखं आहे. ते एकच काम करतं : फेजवरून किती गेलं आणि न्यूट्रलवरून किती परत आलं, याचा ताळा अहोरात्र घेत बसतं. तीस मिलिअँपिअरचा फरक निघाला की चौकशी नाही, खुलासा नाही, सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत शटर खाली. कारण जे परत आलं नाही ते कुठेतरी झिरपतंय, आणि ती वाट कदाचित माणसातून जात असेल. त्या फ्लॅटमध्ये न्हाणीच्या दिव्याने फेज न्हाणीच्या लाइनीवरून घेतली होती आणि न्यूट्रल हॉलच्या लाइनीवरून. ही उसनी न्यूट्रल! कर्ज एका खात्यातून उचलायचं आणि हप्ते शेजाऱ्याच्या खात्यात भरायचे, वर ताळेबंद जुळत नाही म्हणून ऑडिटरला काढून टाकायचं, असा हा न्याय आहे. पुढे-मागे कुणी न्हाणीची लाइन चालू ठेवून हॉलची लाइन बंद करील, ‘मेलेली’ न्यूट्रल हातात घेऊन सोडवील, आणि न्हाणीच्या दिव्यातून आलेला करंट त्याच्या हातात येईल.

विदर्भात या उसनवारीला एक कारण आहे. २००५ च्या आगेमागे भारनियमनाने जीव नकोसा केला होता, तेव्हा घरोघर इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरवर चार दिवे घ्यायचे म्हणून घाईघाईत तारा जोडल्या गेल्या आणि सापडेल तिथून न्यूट्रल उचलली गेली. भारनियमन गेलं, पण उसनवारी फेडायची राहिली.

हा कॅशियर काही काल जन्मलेला नाही. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाचे प्राध्यापक होते. किती करंटापर्यंत माणूस तार सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तारा देऊन मोजलं आणि त्यावरून गळती पकडणारं यंत्र बनवलं, ते १९६१ साली. त्याच १९६१ साली आमच्या अकोला जिल्ह्यात पारसला ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. आज तिथे अडीचशे-अडीचशेचे दोन संच आहेत. म्हणजे वीज तयार करण्यात आम्ही ३० वरून ५०० मेगावॉटवर गेलो, आणि ती झिरपते की नाही हे बघायच्या बाबतीत ‘थोडंसं अर्थिंगचं’ इथेच बसलो. ज्या इंग्रजांच्या अमदानीत ही वीज आपल्याकडे आली ते आपल्या देशात न्हाणीच्या भिंतीवर बटन ठेवत नाहीत. छताला दोरी टांगतात आणि ओल्या हाताने ती ओढतात. आपण त्यांच्याकडून टाय घेतला, न्हाणीतली दोरी घेतली नाही.

राहता राहिलं ते अर्थिंग. ते आमच्या काळ्या मातीत पुरलेलं असतं. पावसाळ्यात ही माती लोण्यासारखी चिकटून बसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आणि अर्थिंगची नळी यांची फारकत नेमकी मे महिन्यात होते, आणि नेमके त्याच महिन्यात घरोघर कुलर लागतात : लोखंडी पेटी, पोटात पाणी, पाण्यात विजेचा पंप. दर उन्हाळ्यात कुलरला चिकटून माणूस गेल्याची बातमी वऱ्हाडातल्या पेपरात येते, आणि बहुतेक वेळा जाणारा म्हणजे पाणी भरायला गेलेलं घरातलं लेकरू किंवा बाई. आपण ती चहाबरोबर वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि कुलरच्या टाकीत पाइप सोडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मात्र बादलीभर पाणी ओतायचं कुणाला सुचत नाही.

कायदा नाही असं समजू नका. १९५६ च्या वीज नियमांतल्या ३२ व्या नियमाने न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटं बटन घालायला मनाई केली होती. ४५ व्या नियमाने वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडेच दिलं होतं. सूट होती ती दिवे, पंखे, फ्यूज, बटनं अशा किरकोळ वस्तू बदलायला. २०१० च्या विनियमांतही ही सूट टिकली. म्हणजे न्हाणीतला दिवा तुमचा तुम्ही बदला, अशी मुभा कायद्याने दिली. पण ती देताना भिंतीतल्या तारा रीतसर आहेत असं त्याने सज्जनपणे गृहीत धरलं. कायद्याला आमचा वाडा माहीत नव्हता! शिवाय नवं कनेक्शन घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. आपल्या घराचा तो रिपोर्ट ज्यांनी डोळ्यांनी पाहिलाय त्यांनी हात वर करावेत. कोरड्या हातांनी करा म्हणजे झालं.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मीच निकालात काढतो. ‘पन्नास वर्षांत कोणाले काई झालं नाई,’ हा काकाजींचा आक्षेप. पन्नास वर्षं दरोडा पडला नाही म्हणून कुठली बँक तिजोरी उघडी ठेवते? दुसरा आक्षेप खर्चाचा. न्हाणीच्या टाइल्सवर साठ हजार खर्च करणारा माणूस दोनेक हजारांच्या आरसीसीबीपाशी आला की एकदम गांधीवादी होतो. टाइल पाहुण्यांना दिसते, तार दिसत नाही, हे खरं दुखणं आहे. तिसरा आक्षेप भाडेकरूंचा : घर मालकाचं, आम्ही कशाला? घर मालकाचं असेल हो, पण न्हाणीत अनवाणी उभे तुम्ही असता.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती कारकुनाची आहे. पहिली गोष्ट, बटनं आणि फ्यूज फेजवर आहेत की नाहीत हे एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. दुसरी, झुंबराच्या आधी आरसीसीबी लावा, आणि त्यावरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटन अधूनमधून दाबून कॅशियर जागा आहे याची खात्री करा. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात अवघड : कागद. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, न्हाणीच्या दिव्याची फेज कुठून आणि न्यूट्रल कुठून, जोड कुठे पुरलाय, काम कुणी केलं, कुठल्या तारखेला, हे एका कागदावर लिहून बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवा. भिंत बुजवण्याआधी मोबाइलने फोटो काढा. जेवणाच्या ताटाचे काढता, तारांचा एक काढायला काय हरकत आहे? आणि हा कागद हाती पडेपर्यंत लाइटवाल्याचं बिल पास करू नका. कारकुनाच्या हातात जगात एवढी एकच सत्ता असते. ती मी वीस वर्षं वापरतोय आणि ती चालते, हे स्वानुभवाने सांगतो.

आपण सात-बारा जपतो, पत्रिका जपतो, सासऱ्याने दिलेल्या स्कूटरची पावती जपतो. पण ज्या भिंतीला आपली लेकरं ओल्या हाताने टेकतात तिच्या पोटात काय आहे, याची दोन ओळींची नोंद आपल्या घरात नसते. तीस वर्षांनी कुणीतरी स्टुलावर चढून तुमच्या न्हाणीतला दिवा उतरवील. तो तुमचा नातू असेल, भाडेकरू असेल, नाहीतर रोजाने आलेला परका पोऱ्या असेल. त्याच्यापुढे तीन काळ्या तारा निघतील आणि विचारायला तुम्ही नसाल. त्याच्यासाठी तेवढा कागद लिहून ठेवा.